बॉक्सवुड : कातरणी आणि छाटणी

इंग्लंडमधील एखाद्या जुन्या हवेलीपुढच्या उद्यानात किंवा अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या एखाद्या विटांच्या घरासमोर गुडघाभर उंचीचे, वरून सपाट आणि कडांना काटेकोर कातरलेले बॉक्सवुडचे कुंपण पाहिले म्हणजे त्या अखंड हिरव्या पृष्ठभागाकडे पाहून मनात सुव्यवस्थेविषयी एक सहज आदरभाव उत्पन्न होतो. परंतु त्याच कुंपणात दोन्ही हात घालून फांद्या थोड्या बाजूला सारल्या, तर पुष्कळदा असे दृष्टीस पडते की, पानांचा तो थर जेमतेम दोन-तीन बोटे जाडीचा असून त्याच्या आत उघड्याबोडक्या काटक्या, त्यांच्या बेचक्यांत साचलेला वाळक्या पानांचा केर आणि अंधार यांखेरीज काही नाही. झुडूप जिवंत आहे ते केवळ वरच्या कवचापुरते. घराचा मालक दर दोन महिन्यांनी त्यावर कातर फिरवतो, किंवा हल्लीच्या रिवाजाप्रमाणे विजेच्या यंत्राने ते काम एका तासात उरकून घेतो, आणि आपण झाडाची उत्तम निगा राखीत आहोत अशा समजुतीत समाधानी असतो. वस्तुतः त्या झुडपाच्या ऱ्हासाचे मूळ याच निगेत असते. बॉक्सवुडच्या संगोपनाविषयी बागकाम करणाऱ्याने दुसरे काही ध्यानात ठेवले नाही तरी चालेल, पण कातरणे वेगळे आणि छाटणे वेगळे, आणि या झुडपाला प्राधान्याने गरज आहे ती दुसऱ्याची, एवढे मात्र त्याने पक्के ध्यानात ठेवावे.

बॉक्सवुडच्या प्रजातीत सुमारे शंभर जाती मोडतात. मात्र उद्यानांत ज्याला सामान्यतः हे नाव दिले जाते ते झुडूप युरोपातील, विशेषतः त्या खंडाच्या दक्षिण भागातील चुनखडीच्या टेकड्यांवर आपोआप वाढणारे आहे. लंडनच्या दक्षिणेस सरे परगण्यात एका टेकडीला या झुडपावरूनच बॉक्स हिल हे नाव पडले आहे. पाने लहान, समोरासमोर लागणारी, चिवट आणि वर्षभर हिरवी. प्रत्येक पान फांदीवर साधारण दोन-तीन वर्षे टिकते आणि मग गळते. लाकूड पिवळसर आणि इतके घट्ट असते की ओले असताना ते पाण्यात बुडते. अठराव्या शतकाच्या अखेरीस टॉमस ब्यूइक या इंग्रज चित्रकाराने पुस्तकांतील चित्रांसाठी जे बारीक कोरीव ठसे केले, ते याच लाकडाच्या आडव्या छेदावर. हिमालयातही या झुडपाची भावंडे आहेत, आणि जम्मूकडील राजौरी जिल्ह्यात थानामंडीच्या परिसरातले कारागीर ज्या पिवळसर, गुळगुळीत ‘चिकरी’ लाकडाचे कंगवे आणि चमचे करतात ते लाकूड त्यांपैकीच एकाचे होय.

उद्यानात या झुडपाला कात्री लावण्याची वहिवाट फार प्राचीन आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी धाकट्या प्लिनीने आपल्या तस्कनीमधील वाडीचे वर्णन करणारे जे पत्र लिहिले, त्यात बॉक्सच्या झुडपांतून कोरलेल्या पशूंच्या आकृती आणि धन्याचे व माळ्याचे नाव दर्शविणारी अक्षरे यांचा उल्लेख आहे. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत फ्रान्समध्ये वेलबुट्टीच्या नक्षीची उद्याने रचण्याचा प्रघात पडला आणि तेथून तो राजदरबारांच्या आश्रयाने सर्व युरोपात पसरला. सर्वांनाच हे झुडूप प्रिय होते असे मात्र नाही. त्याच्या पानांना, विशेषतः उन्हात, एक उग्र वास येतो. इंग्लंडची राणी ॲन हिला तो इतका असह्य होई की १७०२ साली गादीवर आल्यानंतर तिने हॅम्पटन कोर्टच्या राजवाड्यापुढील बॉक्सची सारी नक्षी उपटून टाकण्याचा हुकूम दिला. तरीही हे झुडूप टिकले, याचे कारण असे की सावली, थंडी आणि वारंवार होणारी काटछाट ही तिन्ही सोसून पुन्हा हिरवे होणारी झुडपे फार थोडी आहेत. त्याच्या पानांत विषारी द्रव्ये असल्यामुळे हरणेही सहसा त्याला तोंड लावीत नाहीत. न्यू जर्सीसारख्या भागात, जेथे सायंकाळी हरणांचे कळप अंगणात येऊन होस्टा आणि ट्यूलिप फस्त करतात, तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरांपुढे हे झुडूप हटकून आढळते ते त्यामुळेच. बहुधा ते घराबरोबरच आधीच्या मालकाकडून आलेले असते, आणि त्याचे काय करावे हा प्रश्न पहिल्या उन्हाळ्यातच उभा राहतो.

कातरणीने नेमके काय बिघडते, ते पाहू. फांदीचा शेंडा शाबूत असतो तोवर त्याच्या खालचे डोळे दबलेले राहतात. शेंडा उडवला की त्याच्या लगतचे दोन-चार डोळे एकदम फुटतात. सर्व शेंडे एकाच पातळीवर उडवले, तर सर्व फांद्यांच्या टोकाशी एकाच पातळीवर नव्या फुटव्यांचे गुच्छ तयार होतात, आणि पुढच्या कातरणीत त्या गुच्छांचे पुन्हा दाट गुच्छ होतात. दोन-तीन वर्षांत वरच्या बाजूस पानांचे असे दाट छप्पर तयार होते की उजेडाचा कवडसाही आत जात नाही. पानांचे आयुष्य तर दोन-तीन वर्षांचेच. आतली जुनी पाने मुदत संपली की गळतात, आणि उजेडाच्या अभावी त्यांच्या जागी नवी येत नाहीत. वारा आत खेळत नसल्यामुळे पावसाचे पाणी आणि दव तासन्‌तास वाळत नाही, गळलेली पाने खाली पडण्याऐवजी बेचक्यांत अडकून कुजतात, आणि त्या ओलसर केरात फांद्यांना अधांतरी मुळे फुटू लागतात. अशा झुडपावर बर्फाचा भार पडला की वरचे छप्पर तो झेलते आणि फांद्या बुंध्यापासून फाटतात. बुरश्यांना तर याहून सोयीची जागा मिळणार नाही.

यावर उपाय म्हणून व्हर्जिनिया आणि त्याच्या आसपासच्या राज्यांतील माळ्यांनी जी पद्धत प्रचारात ठेवली आहे, ती म्हणजे फांद्या आतून काढून झुडूप विरळ करण्याची. प्रथम झुडपाच्या अगदी जवळ उभे राहून दाट झालेला एक गुच्छ निवडावा आणि त्याच्या खालची फांदी डाव्या हाताच्या बोटांनी चाचपत आत आत जावे. साधारण वीतभर आत गेल्यावर ती एखाद्या दुसऱ्या फांदीला मिळते. तेथे, दुबेळक्याच्या लगत, मागे खुंट न ठेवता, सिकेटरने ती कापावी. (आपल्याकडे द्राक्षबागायतदार ज्याला सिकेटर म्हणतात तीच ही कात्री, तिची पाती धारदार आणि एकमेकांवरून सरकणारी असावीत, दाबून चिरडणारी नसावीत.) कडाक्याच्या थंडीत बॉक्सची कोवळी लाकडे ठिसूळ होतात, म्हणून सराईत माणूस कित्येकदा कात्रीही घेत नाही, फांदी खालच्या अंगाला वाकवून मनगटाच्या एका झटक्यासरशी मोडून काढतो. गुच्छ बाहेर आला की त्या ठिकाणी मूठभर आकाराची पोकळी राहते. ती पाहून नवख्याचे मन चरकते, परंतु त्या पोकळीतूनच उजेड आत उतरणार असतो. हातभर अंतर सोडून दुसरा गुच्छ, मग तिसरा, असे झुडपाच्या सर्व बाजूंनी फिरत जावे. एका खेपेस एकूण पालवीच्या दशांशाहून फारसे अधिक काढू नये. शेवटी दोन्ही हातांनी झुडूप हलके हलवून बेचक्यांतला केर खाली पाडावा आणि तो गोळा करून उचलून न्यावा. काम पुरे झाले की नाही याची कसोटी सोपी आहे : वरून पाहिले असता आतील फांद्या येथे-तेथे डोळ्यांना दिसल्या पाहिजेत. पुढील वसंतात त्या उघड्या फांद्यांवर, अगदी जुन्या लाकडावरही, हिरवे कोंब डोकावू लागतात.

आखीव नक्षीच्या उद्यानात कातरणी अजिबात टाळता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. तेथेही माझे आग्रहाचे सांगणे असे की, वर्षातून एकदा किंवा दोनदा कातरावे आणि प्रत्येक वर्षी हिवाळ्यात एकदा वरीलप्रमाणे पोकळ्या कराव्यात. आणि कुंपणाचा छेद तळाशी थोडा रुंद व माथ्याशी अरुंद ठेवावा, म्हणजे वरच्या भागाची सावली खालच्या भागावर पडून तळ बोडका होत नाही. कित्येक ठिकाणी याच्या नेमके उलट, माथा रुंद आणि तळ अरुंद असे झालेले असते, आणि मग तळाशी पाने का टिकत नाहीत याबद्दल मालक खताच्या दुकानात चौकशी करीत असतो.

छाटणीच्या वेळेसंबंधी दोन मुलुखांचे दोन दस्तूर आहेत. इंग्लंडमध्ये जूनच्या आरंभी एप्समला डर्बीची शर्यत होते, त्या सुमारास कात्री बाहेर काढावी असा तिथल्या माळ्यांचा जुना संकेत आहे. तोपर्यंत वसंतातले उशिराचे दहिवर टळलेले असते आणि पहिली पालवी टणक होऊ लागलेली असते. दुसरी कातरणी करावयाची तर ती ऑगस्टच्या अखेरीपर्यंत आटोपावी, कारण त्यानंतर फुटलेले कोंब जून होण्यापूर्वीच थंडी त्यांना गाठते. अमेरिकेतील विरळणीचे काम मात्र नोव्हेंबर-डिसेंबरात चालते, आणि काढलेल्या फांद्या नाताळच्या तोरणांसाठी उपयोगी पडतात. दोन्हीकडे समान असलेला नियम असा की, ओल्या झुडपाला कात्री लावू नये, आणि कडक उन्हातही लावू नये. ओलाव्याने बुरशी पसरते, आणि उन्हाने सावलीत वाढलेली आतली पाने एकाएकी उघडी पडून करपतात. कोरडा परंतु अभ्राच्छादित दिवस सर्वांत उत्तम. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला यात नवीन असे काही वाटणार नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांतील भेद ज्याला ठाऊक आहे, त्याला छाटणीची वेळ चुकली म्हणजे काय होते हे सांगावे लागत नाही.

आपल्या पुण्या-मुंबईच्या हवेत बॉक्सवुड लावण्याचा हट्ट धरू नये असे माझे मत आहे. त्याला थंडीतली विश्रांती हवी असते, आणि आपला उन्हाळा व चार महिन्यांचा ओलावा त्याला मानवत नाही. आपल्याकडे मेंदी, कडूमेंदी, कुंती आणि ड्युरांटा यांची कुंपणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, आणि त्यांचेही तळ बोडके होण्याचे कारण तेच आहे. कुंतीच्या कुंपणात वर्षाआड काही जाड फांद्या आतून काढल्या, तर ते खालपर्यंत हिरवे राहते.

वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहून खिडकीच्याही वर गेलेले बॉक्सवुड काढून टाकण्याची घाई करू नये. जुन्या लाकडातून पुन्हा फुटण्याची शक्ती ही या झुडपाची मोठी पुंजी आहे. हिवाळ्याच्या अखेरीस, पालवी फुटण्याच्या आधी, एक तृतीयांश जाड फांद्या इच्छित उंचीच्याही खाली नेऊन कापाव्यात, उरलेल्या पुढील दोन वर्षांत त्याच रीतीने काढाव्यात. तीन वर्षांची ही मुदत ज्यांना जास्त वाटते ते सारे झुडूप एकदमच जमिनीपासून वीत-दीड वीत ठेवून कापतात. निरोगी झुडूप तेही सोसते, पण आधीच अशक्त असलेले सोसेलच असा भरवसा देता येत नाही. एवढे निश्चित की त्या वर्षी पाण्याचा ताण पडू देता कामा नये.

मुळांविषयी थोडक्यात. बॉक्सवुडची मुळे उथळ, जमिनीच्या वरच्या वीतभर थरातच पसरलेली असतात. म्हणून त्याच्या भोवती खुरपे किंवा कुदळ चालवू नये, तण हातानेच उपटावे. रोप लावताना मुळांचा गड्डा जमिनीच्या पातळीहून बोटभर वरच राहू द्यावा. पाणी साचणाऱ्या जागी मूळकूज हमखास होते. मातीचा सामू ६.५ ते ७.२ च्या दरम्यान असावा, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची माती पुष्कळदा आम्ल असल्यामुळे परीक्षण करून चुना घालण्याची तजवीज करावी लागते. आच्छादन दोन-चार सेंटिमीटरहून जाड नको आणि ते बुंध्याला टेकता कामा नये. हिवाळ्यापूर्वी जमीन चांगली भिजवून ठेवावी, कारण गोठलेल्या मातीतून मुळांना पाणी घेता येत नाही, पाने मात्र उन्हावाऱ्यात ते गमावीत राहतात आणि तांबूस होऊन करपतात. बर्फ पडल्यास झाडूने खालून वर हलकेच उचलून तो पाडावा. वरून झोडपू नये.

आता शत्रूंकडे वळू. सर्वांत जुना आणि घरगुती शत्रू म्हणजे पाने पोखरणारी माशी. एखादे पान वरून निस्तेज आणि खालून फुगीर दिसले तर ते तोडून उजेडासमोर धरावे. दोन पापुद्र्यांच्या मध्ये पिवळ्या-नारिंगी रंगाच्या बारीक अळ्या स्पष्ट दिसतात. वसंताच्या आरंभी, जेव्हा त्या अळ्या वाढून अधाशीपणे खात असतात, तेव्हा उपद्रव जास्त असलेल्या झुडपाला कान लावला तर आतून बारीक तडतड ऐकू येते. मे महिन्याच्या सुमारास डासासारखी नारिंगी माशी बाहेर पडते आणि नव्या पानांत अंडी घालते. त्यापूर्वीच बाधित शेंडे काढून नष्ट केले तर पुष्कळ बंदोबस्त होतो.

याहून फार घातक अशी दोन संकटे गेल्या तीस वर्षांत आली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे पूर्व आशियातून आलेला बॉक्सचा पतंग. २००७ साली तो जर्मनीत आढळला आणि काही वर्षांतच युरोपभर पसरला. त्याची हिरवी-पिवळी, काळ्या डोक्याची आणि अंगावर काळे-पांढरे पट्टे असलेली अळी चार सेंटिमीटरपर्यंत वाढते, जाळे विणून त्याच्या आड राहते आणि पाने संपली की फांदीची सालही खाते. २०१४ च्या सोची येथील ऑलिंपिकसाठी इटलीतून शोभेची जी बॉक्सची रोपे आणली गेली, त्यांच्याबरोबर हा पतंग काकेशस पर्वताच्या पायथ्याशी पोहोचला आणि तेथील बॉक्सची प्राचीन नैसर्गिक अरण्ये काही वर्षांतच त्याने निष्पर्ण करून टाकली. मनुष्याच्या चार दिवसांच्या शोभेसाठी शतकानुशतकांचे अरण्य जावे, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही. उत्तर अमेरिकेत तो २०१८ साली टोरोंटोत आणि २०२१ साली न्यूयॉर्क राज्यात सापडला. आता तेथील बागवाल्यांनी एप्रिलपासून दर आठवड्याला झुडपाच्या आतल्या भागात, बाहेरच्या नव्हे, जाळी शोधावीत. अळ्या थोड्या असतील तर हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात, आणि जास्त असतील तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची फवारणी अळ्या लहान असतानाच, आतल्या पानांपर्यंत पोहोचेल अशी करावी. ज्याने झुडूप विरळ ठेवले आहे त्यालाच ही फवारणी आत पोहोचवता येते.

दुसरे संकट बुरशीचे, ज्याला बॉक्सचा करपा म्हणता येईल. इंग्लंडमध्ये १९९०-२००० या दशकात तो प्रथम दिसला, आणि अमेरिकेत २०११ साली नॉर्थ कॅरोलायना व कनेटिकट येथे त्याची नोंद झाली. पानांवर गडद तपकिरी ठिपके, कोवळ्या काड्यांवर काळ्या उभ्या रेघा आणि त्यानंतर झपाट्याने होणारी पानगळ ही त्याची लक्षणे. त्याचे बीजाणू चिकट असतात. ते वाऱ्याने फारसे उडत नाहीत, परंतु कात्रीला, हातमोज्यांना, बुटांना आणि ओल्या पाळीव कुत्र्याच्या केसांनाही चिकटून एका बागेतून दुसऱ्या बागेत जातात, आणि गळलेल्या पानांत कित्येक वर्षे जिवंत राहतात. म्हणून घरोघर एकच यंत्र घेऊन फिरणाऱ्या कंत्राटदाराला, काम सुरू करण्यापूर्वी पाती मद्यार्काने पुसण्याची विनंती निःसंकोच करावी. रोगट फांद्या खतखड्ड्यात न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात पाठवाव्यात. ठेंगण्या, दाट वाढीच्या ‘सफ्रुटिकोसा’ या वाणाला हा रोग सर्वांत लवकर धरतो. वर्षाला जेमतेम अडीच सेंटिमीटर वाढणारे हेच वाण जुन्या उद्यानांच्या नक्षीचे मुख्य द्रव्य होते.

या संकटांचे परिणाम मोठ्या उद्यानांनाही भोगावे लागले. पॅरिसजवळच्या व्हो-ले-व्हिकोंत येथील उद्यान आंद्रे ल नोत्र याने सतराव्या शतकात आखले. तेथील बॉक्सची वेलबुट्टी १९२३ मध्ये आशील द्युशेन याने नव्याने उभी केली होती, आणि ती २०१९ मध्ये काढून टाकावी लागली. कोठे जपानी हॉली, कोठे यू अशा पर्यायी वनस्पती आता लावल्या जातात, आणि करप्याला बऱ्याच अंशी दाद न देणारे नवे संकरित वाणही बाजारात आले आहेत. नव्याने लागवड करणाऱ्याने हेच वाण घ्यावे. ज्याच्या घरी जुनी निरोगी झुडपे आहेत त्याने मात्र बाहेरून नवे रोप आणताना ते काही आठवडे वेगळे, दूर ठेवून मगच जवळ लावावे.

त्याहूनही सुरक्षित मार्ग म्हणजे घरच्याच निरोगी झुडपाचे फाटे लावणे. जुलै-ऑगस्टमध्ये, त्या वर्षीची पालवी अर्धवट टणक झाली असता, चार बोटे लांबीचे शेंडे घ्यावेत, खालच्या निम्म्या भागाची पाने काढावीत आणि वाळू व कोकोपीटच्या समभाग मिश्रणात सावलीत रोवावेत. मिश्रण ओलसर असावे, चिखल नसावा. मुळे धरायला दोन-तीन महिने लागतात, काहींना त्याहूनही अधिक. पुढील वसंतापर्यंत त्यांना कुंडीतून हलवू नये. जमिनीत लावल्यावर बुटक्या कुंपणासाठी दोन रोपांत वीत-दीड वीत अंतर ठेवावे, आणि पहिली दोन वर्षे कात्री घरातच ठेवून फक्त लांब गेलेले शेंडे बोटांनी खुडावेत, म्हणजे फुटवे बुंध्याशी येतात आणि झुडूप तळापासून भरत जाते.